रोमन सैनिकाच्या दगडी शवपेटीवरचा लॅटिन लेख कसा वाचायचा: लॅटिन न येणाऱ्यांसाठी

आधीच सांगतो, मी काही पुराभिलेखांचा अभ्यासक वगैरे नाही, शाळेत संस्कृत होतं ते पण मार्कांपुरतं. पण म्युझियममध्ये गेलं की दगडावरची अक्षरं बघून पुढे सरकणं मला जमत नाही, आणि पाच-सहा वर्षं असं दगडासमोर उकिडवं बसून बसून एक पद्धत बसलीये. ती इथे लिहितोय, कारण लोक विचारतात आणि दरवेळी व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यात सांगायचा कंटाळा येतो.

उदाहरण म्हणून घेऊ कोंकोर्दिया. व्हेनिसच्या ईशान्येला कोंकोर्दिया सागित्तारिया नावाचं छोटं गाव आहे, रोमन काळात तिथे बाण बनवायचा सरकारी कारखाना होता आणि गावाच्या नावातलं सागित्तारिया त्या बाणांवरूनच आलंय. १८७३ साली तिथे नदीच्या गाळाखाली दगडी शवपेट्यांचं अख्खं स्मशान सापडलं, दारिओ बेर्तोलिनी यांनी ते खणून काढलं, दोनशेच्या वर पेट्या, आणि त्यातल्या बऱ्याच सैनिकांच्या. काळ साधारण चौथ्या शतकाचा शेवट ते पाचव्याची सुरुवात, म्हणजे पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य ढासळायच्या जरा आधी. निवडक दगड आता शेजारच्या पोर्तोग्रुआरोच्या म्युझियममध्ये आहेत, १८८८ चं म्युझियम, आतून चर्चसारखं दिसतं. पोर्तोग्रुआरो व्हेनिस-त्रिएस्ते रेल्वेलाइनवर आहे, व्हेनिसला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस काढावाच.

आधी पेटी बघा, अक्षरं नंतर

सगळे इथेच चुकतात, मी पण चुकायचो. अक्षरं दिसली की थेट वाचायला सुटायचं. तसं करू नका. पेटीभोवती एक चक्कर मारा. झाकण घराच्या छपरासारखं उतरतं आहे का, त्याच्या चार कोपऱ्यांना शिंगांसारखे उंचवटे आहेत का, झाकण आणि पेटी एकाच दगडाची दिसतात का. लेख पेटीच्या पोटावर आहे की झाकणावर, चौकटीत आहे की मोकळा. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पंखासारखे त्रिकोणी कान असतील तर तो रोमनांचा आवडता पाटीचा आकार.

मग बघा की जुनं काही खरवडलंय का. दगडी पेटी महाग वस्तू, त्यामुळे शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची कुणाचीतरी पेटी उचलून, जुना लेख घासून, त्यावर नवा कोरणं तेव्हा चालायचं. एखाद्या जागी दगड हलकासा खोलगट आणि जास्त गुळगुळीत वाटला तर शंका घ्यायची. आणि भोक बघा. ठिकठिकाणच्या पेट्यांना हाताएवढं किंवा माणूस आत वाकेल एवढं भोक पाडलेलं सापडतं, ते कुणी आणि का पाडलं हे दंडाच्या ओळीपाशी कळेल.

फोटो: उजेड तिरका पाहिजे

समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होऊन गायब होतात. दगडावरचं अक्षर म्हणजे खाच, आणि खाच दिसते सावलीमुळे, त्यामुळे उजेड बाजूने आला पाहिजे, जवळजवळ दगडाला चाटून. म्युझियममध्ये विचारून (हो, विचारूनच) मित्राला साधा टॉर्च धरायला सांगा, एकदा डावीकडून, एकदा वरून, एकदा उजवीकडून, आणि मोबाइल न हलवता तिन्हीचे फोटो घ्या. डावीकडच्या उजेडात उभ्या रेघा उठतात पण आडव्या बुडतात, वरून धरला की उलटं. एकदा मी नुसत्या डाव्या उजेडाच्या फोटोवर विसंबून घरी आलो आणि प्रत्येक ई मला आय दिसत होता, कारण त्या काळात ई च्या तिन्ही आडव्या दांड्या एवढ्याशा असतात, उंदराच्या दातांसारख्या.

ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून ठसा घ्यायची पद्धत आपल्याकडचे शिलालेखवाले पण वापरतात, पण ते परवानगी असलेल्या माणसांचं काम. खडूने अक्षरं भरायची तर अजिबात नाहीत, दगड खराब होतो.

आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं भाषांतर अ‍ॅप इथे साफ झोपतं. अर्ध्या शब्दांचे शॉर्टफॉर्म, शब्दांमध्ये जागा नाही, त्यात स्पेलिंग चुकलेलं, ते बिचारं काय करणार.

जसं दिसतं तसंच उतरवा

वही घ्या, ओळीला ओळ ठेवा, आणि फक्त जे दिसतं ते लिहा. अर्थ लावायचा नाही. ठळक सूचना एवढ्याच: यू आणि व्ही साठी एकच चिन्ह, व्ही. ए ला मधली आडवी रेघ बऱ्याचदा नसतेच. सी आणि जी मध्ये फरक एका शेपटीचा. एल, आय, टी, एफ, ई हे पाच एकमेकांच्या वेशात फिरतात. दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून एकच दांडी वाटून घेतलेली असते, आपल्या जोडाक्षरांसारखी, त्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. मध्येच बदामाच्या आकाराचं पान दिसेल, ते आयव्हीचं पान, नुसतं शब्द तोडायला.

अभ्यासकांचे कंसांचे नियम आहेत, १९३१ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात ठरले म्हणून लायडन पद्धत म्हणतात. गोल कंस म्हणजे शॉर्टफॉर्म मी पूर्ण केला. चौकोनी कंस म्हणजे दगड तुटलाय, आतलं मी अंदाजाने भरलं. अक्षराखाली टिंब म्हणजे अक्षर नीट दिसत नाही. हे तीन पाळले तरी बास. कारण सहा महिन्यांनी वही उघडली की दगडावर काय होतं आणि आपल्या डोक्यातून काय आलं हे वेगळं काढता आलं पाहिजे.

शॉर्टफॉर्म उघडायचे, पण जपून

डी आणि एम सुरुवातीला असेल तर दिस मानिबुस, पितरांच्या देवांना अर्पण. चौथ्या शतकाअखेर हे कमी होत जातं, ख्रिश्चन झालेल्यांच्या दगडावर त्याऐवजी बी-एम येतं, बोने मेमोरिए, म्हणजे सुस्मृती असलेला. एफ-एल म्हणजे फ्लाविउस, व्ही-ए-एल वालेरिउस, ए-व्ही-आर आउरेलिउस. एन किंवा एन-व्ही-एम म्हणजे नुमेरुस, पथक. व्ही-आय-एक्स ए-एन म्हणजे इतकी वर्षं जगला, एम-आय-एल ए-एन म्हणजे इतकी वर्षं नोकरी केली.

जपून का, तर कोंकोर्दियाचाच एक दगड घ्या. फ्लाविया ओप्ताता, बाईचं नाव. पुढे चार अक्षरं, मिलि. आता ते मिलेस म्हणून उघडलं तर बाईच सैनिक झाली, आणि मिलितिस उघडलं, म्हणजे षष्ठी, तर सैनिकाची बायको. सर्वसाधारणपणे दुसरं मानतात. पुढे पथकाचं नाव पण अर्धवट शॉर्टफॉर्मात आहे, त्यात एमेसा, म्हणजे सीरियातलं आजचं होम्स, आणि ज्यू लोक असे शब्द दिसतात, आणि ते कसं उघडायचं यावर अजून भांडणं चालू आहेत. एका गोल कंसात काय भरलं यावर सगळा इतिहास फिरतो.

नावावरून तारीख

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. उशिरातल्या रोमन सैनिकांचं पहिलं नाव हे खरं तर नाव नसून शिक्का आहे. २१२ मध्ये काराकाल्ला बादशहाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र लोकांना नागरिकत्व देऊन टाकलं, त्याचं घराणं आउरेलिउस, त्यामुळे आउरेलिउसांचं पीक आलं. डायोक्लेशन (२८४ ते ३०५) आणि त्याच्या सोबत्यांच्या काळात सैनिक वालेरिउस होतात. मग कॉन्स्टन्टाइनच्या घराण्यापासून फ्लाविउस. चौथ्या शतकात फ्लाविउस म्हणजे साधारण आपल्याकडे पाटीवर नावाआधी हुद्दा लावतात तसं, हा सरकारी माणूस. म्हणून एफ-एल दिसलं आणि माणूस सैनिक असला की बहुधा चौथं शतक किंवा पुढे, एवढं पहिल्या दोन अक्षरांतच कळतं. (पहिल्या शतकात पण फ्लाविउस बादशहा होते, पण तेव्हा नावाचे तीन भाग असतात, गल्लत होत नाही.)

शिक्क्यानंतर खरं नाव, आणि इथे गंमत. हारिसो. फांदिगिल्स. ही लॅटिन नावं नाहीतच, जर्मानिक आहेत. हारी म्हणजे सैन्य. राइनपलीकडून आलेली पोरं रोमन सैन्यात भरती होऊन, रोमन शिक्का लावून, इटलीत पुरली गेली.

पथक आणि हुद्दा: इथे माझी इज्जत गेली होती

कोंकोर्दियाची साधी ओळ अशी: फ्ल. हारिसो मागिस्तेर प्रिमुस दे नुमेरो एरुलोरुम सेनिओरुम. विभक्ती शाळेत घोटलेल्या मराठी माणसाला ही सोपी जावी. उस किंवा ओ हा शेवट प्रथमा, दे च्या पुढचं नुमेरो म्हणजे पथकातला, ओरुम ही षष्ठीचं अनेकवचन. झालं: ज्येष्ठ हेरुलींच्या (हेरुली ही एक जर्मानिक टोळी) पथकातला पहिला मागिस्तेर. मागिस्तेर म्हणजे इथे शिकवणारा मास्तर नाही, सैन्यातला हुद्दा आहे, जरी आपला मास्तर मुळात त्याच शब्दाचा लांबचा नातेवाईक असला तरी. हेरुली चा ह दगडावर गळालाय कारण बोलताना गळाला होता.

दुसरा सापळा म्हणजे सेनातोर. मी पहिल्यांदा हा शब्द दगडावर वाचून ग्रुपवर टाकलं की बघा रोमच्या सिनेटरची कबर, आणि दोन दिवस भाव खाल्ला. नंतर कळलं की त्या काळच्या सैन्यात सेनातोर हा एक मधला हुद्दा आहे फक्त. संत जेरोमने (त्या काळचा ख्रिश्चन लेखक) एका लेखात सहज गंमत म्हणून ही उतरंड सांगून ठेवलीये, वरून खाली: त्रिबुनुस, प्रिमिकेरिउस, सेनातोर, दुकेनारिउस, केन्तेनारिउस, बिआर्कुस, किर्कितोर, एक्वेस आणि शेवटी तिरो म्हणजे नवा रंगरूट. ही यादी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, दगडासमोर लगेच उपयोगी पडते. किर्कितोर म्हणजे रात्री पहारेकऱ्यांवर फेरी मारणारा. आणि प्रोतेक्तोर दिसला तर तो या रांगेच्या बाहेरचा, बादशहाच्या मर्जीतला अधिकारी. फांदिगिल्स हा तसा होता, आर्मिगेरी पथकातला.

सेनिओरेस आणि युनिओरेस, थोरली आणि धाकटी पाती, हा मोठा विषय आहे. बरीच वर्षं अभ्यासक मानत होते की सैन्याची ही वाटणी ३६४ साली झाली, वालेन्तिनियन आणि वालेन्स या दोन भावांनी साम्राज्य वाटून घेतलं तेव्हा. मग तुर्कस्तानात नाकोलेइया नावाच्या जागी एका दुकेनारिउसचा दगड सापडला, त्यावर सेनिओरेस पथक स्वच्छ लिहिलेलं, आणि साल पडतं ३५६. आठ वर्षं आधी! एका माणसाच्या कबरीने अख्खी थिअरी मागे ढकलली. पथकांची नावं ताडून बघायला नोतितिया दिग्नितातुम नावाची सरकारी यादी आहे, साधारण इसवी सन ४०० ची, ढालींच्या रंगीत चित्रांसकट.

चुका दुरुस्त करू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं. कोरणाऱ्याने ऐकू आलं तसं कोरलंय, मी आत्ता लिहितोय तसंच. मिलेसचं मिलेक्स होतं. बी आणि व्ही ची अदलाबदल, ओबितुम, म्हणजे मरण, चं ओवितुम. शब्दाच्या शेवटचा एम गायब.

यासाठी उत्तम सराव म्हणजे ट्रियरचा हारिउल्फ. हा पेटीवरचा नाही, साधी दगडी पाटी आहे, जर्मनीत ट्रियरच्या म्युझियममध्ये. मजकूर: हारिउल्फुस, प्रोतेक्तोर, मग दोमेस्तिकुस (बादशहाच्या खास पथकातला) लिहायचं तिथे दोमेसितिगुस, बर्गंडियन लोकांच्या राजघराण्यातल्या हान्हावाल्डचा मुलगा, जगला २० वर्षं, नऊ महिने आणि नऊ दिवस. विक्सित या शब्दात एक्सच्या आधी जादाचा सी ठोकलाय. नोवेम ऐवजी दोन्ही वेळा नोवे. आपलं नव आणि ते नोवेम एकाच मुळाचं, आणि आपण नवाचं नऊ केलं तसं त्यांनी शेवटचा एम गिळला.

आणि शेवटची ओळ: रेउतिलो आवुन्कुलुस इप्सिउस फेकित. इंग्रजीत याचं भाषांतर अंकल करतात आणि मला दरवेळी चुटपुट लागते. लॅटिनमध्ये वडिलांचा भाऊ पात्रुउस आणि आईचा भाऊ आवुन्कुलुस. म्हणजे रेउतिलो हा मामा आहे. वीस वर्षांचा भाचा, राजाच्या घरातला, परक्या बादशहाच्या नोकरीत मेला आणि दगड मामाने बसवला. मराठीत हे एका शब्दात येतं, तर मराठीच वापरा की.

दंडाची ओळ

आता ती पेटीची खास गोष्ट. कोंकोर्दियात माणूस जगला किती हे कमी आणि पेटी कुणाची हे जास्त सांगतात. ठरलेले तीन तुकडे आहेत, पाठ करून टाका. पहिला, आर्काम दे प्रोप्रिओ सुओ कोम्पारावित: पेटी स्वतःच्या पैशाने घेतली. आर्का म्हणजे सरळ पेटी, पैशाची असते तीच. दुसरा, सि क्विस एआम आपेरिरे वोलुएरित: जर कुणी ही उघडायला जाईल. तिसरा, दाबित फिस्की विरिबुस आउरी पोन्दो, आणि पुढे आकडा: तर सरकारी खजिन्यात इतकं पौंड सोनं भरेल. वेगवेगळ्या पेट्यांवर आकडा आणि शब्द बदलतात, सांगाडा हाच.

रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅम. म्हणजे आजच्या सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने जवळपास ३३ तोळे सोनं! त्यातून ७२ सोन्याची नाणी पडायची, सोलिदुस, प्रत्येक साधारण साडेचार ग्रॅमचं. दगडावर आकडा तुटला असेल तर चौकोनी कंसात उगाच एक-दोन भरू नका, रिकामा ठेवा.

गधेगळ (गाढवाचं चित्र आणि शाप कोरलेला आपल्याकडचा जुना दगड) बघितलेल्या मराठी माणसाला हा धमकीचा सूर ओळखीचा वाटेल, दगडावर लिहायचं की कुणी मोडलं तर याद राखा. फरक एवढा की आपला दगड इज्जतीवर आणि शापावर जातो, हे लोक थेट खिशावर.

सगळेच खजिन्याचं नाव घेत नाहीत. फ्लाविउस आलातांकुस, दोमेस्तिकुस, आणि त्याची बायको बितोर्ता, यांनी गावच्या पाद्र्यांना आणि बंधुवर्गाला विनंती केलीये की आमच्या नात्यातल्याला पण या पेटीत घालू देऊ नका, आणि पुढे लिहिलंय, जे तुला स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नकोस. म्हणजे भीती परक्या चोराची जेवढी, तेवढीच घरच्यांची, मोफतची जागा बघून आजोबांच्या पेटीत मावशी सरकवणाऱ्यांची. आणि ती भोकं? चोरांनी दंडाची ओळ वाचली असेल किंवा नसेल, झाकण उचलत बसले नाहीत, सरळ दगड फोडला.

आता ताडून बघा

एवढं सगळं स्वतः केल्यावरच नेट उघडायचं. आधी उघडलं की डोळे तेच बघतात जे वाचलंय. क्लाउस-स्लाबी नावाचा लॅटिन लेखांचा फुकट डेटाबेस आहे, त्यात ठिकाण कोंकोर्दिया टाका आणि लेखातला एक पूर्ण, स्वच्छ दिसणारा शब्द टाका, शॉर्टफॉर्म नको. रोमच्या विद्यापीठाचा ईडीआर आहे, तिथे बऱ्याचदा फोटो पण असतो. छापील मोठा संग्रह म्हणजे मॉमसेनने बर्लिनहून सुरू केलेला सीआयएल, उत्तर इटली त्याच्या पाचव्या खंडात. आणि त्यांचं वाचन तुमच्यापेक्षा वेगळं निघालं तर लगेच आपलं खोडू नका, फोटो परत बघा, कधीकधी छापताना पण चूक होते. कधीकधी म्हणतोय हां, दहातल्या नऊ वेळा चूक आपलीच असते.

एक शेवटचा सराव देतो, कोलोनचा. पाटीवर वियातोरिनुस, प्रोतेक्तोर, तीस वर्षं मितावित (मिलितावित लिहायला गेला आणि मधलं लि खाल्लं), रानटी मुलखात दिवितियाजवळ फ्रँक टोळीतल्या एकाकडून मारला गेला. दिवितिया म्हणजे आजचं डॉइट्झ, कोलोनच्या समोर, राइनच्या पलीकडच्या काठावर. अलीकडच्या काठावरून दिसणारी जागा, आणि दगडावर तिला रानटी मुलूख म्हटलंय. त्यानंतर अगदी शेवटी दोन शब्द येतात, विकारिउस दिवितेसिउम, दिवितियाच्या पथकाचा बदली अधिकारी. क्रियापद नाही. आता विभक्ती बघा, वियातोरिनुस पण प्रथमा, विकारिउस पण प्रथमा. तर बदली अधिकारी हा मेलेला माणूसच, की त्याच्यासाठी दगड बसवणारा दुसरा कुणी? बहुतेक जण दुसरं धरतात, आणि बसवला हे क्रियापद मनाने घालतात. तुम्ही दोन्ही भाषांतरं वहीत एकाखाली एक लिहा, आणि घातलेलं क्रियापद गोल कंसात नाही, वेगळ्या रंगाने.